तळं उजव्या हाताला

ताई, डावं पेडल निघत नाहीये.

सकाळपासून बसतेय, उठतेय, परत बसतेय. बाल्कनीत सायकल उलटी करून ठेवली आहे, शेजारी पुठ्ठ्याचा खोका आ वासून पडलाय आणि दुबईतल्या अल बर्शाचं ऊन आतापासूनच फरशीवर आलंय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तू मला शंभरदा सांगितलंस आणि मी शंभरदा विसरले, कारण विसरलं तरी चालायचं. तू पलीकडचं पेडल धरून बसायचीस आणि म्हणायचीस, "उलट फिरव, बारके. घट्ट करतेयस तू." आज तासभर मी ते घट्टच केलं असणार. शेवटी पाना भिरकावला, तो पुदिन्याच्या कुंडीत जाऊन पडला. पुदिना तूच लावलेला. आता तोही माझ्याकडे बघतोय.

परवा विमान आहे. तिकिटं दोघींची काढली होती, माझं तेवढं राहिलंय. ऑफिसने लीव्ह अप्रूव्ह केली आहे, तुझ्या इराने तिकडे आयर्लंडला, लिमरिकमध्ये, खोली आवरून ठेवली आहे आणि आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. आई 'जाऊ नको' म्हणाली होती. 'बरं' म्हटलं होतं मी. आणि बरं म्हणून खोका आणला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, तुला सायकलवर काहीतरी झालं असणार. "रस्त्यावर ना?" असं हळू आवाजात विचारतात, आणि मला त्यांना दारातूनच परत पाठवावंसं वाटतं. नाही हो, स्वयंपाकघरात. मेथी निवडता निवडता डोक्यात रक्तस्राव झाला. जी शेख झायेद रोडसारख्या हायवेच्या कडेने सायकलवर निघाली की दाजी दिवसभर फोन करायचे, ती बाई स्वतःच्या ओट्याशी, घरच्या चपला घालून गेली. निम्मी जुडी निवडलेली होती. उरलेली मी निवडली, कारण लोक जमले होते आणि मला हाताला काहीतरी हवं होतं.

मला बसवत नाही, ताई. हे कोणाला कळत नाही. सुतकात बसायचं असतं म्हणे. बसायचं, कोण काय बोलतंय ते ऐकायचं, मान हलवायची. माझे पाय सतरंजीवर आपोआप हलत होते. शेजारच्या काकूंनी गुडघ्यावर हात ठेवून ते थांबवले. त्यांना काय सांगणार, की या पायांना तूच वळण लावून ठेवलंयस म्हणून.

मी दुबईला आले तेव्हा तुझ्या हॉलमध्ये गादी टाकून पडून असायचे. घटस्फोटाचे कागद ताजे होते, जेवण जात नव्हतं. सगळे समजावत होते. तू एक अक्षर समजावलं नाहीस. एका शुक्रवारी पहाटे पांघरूण ओढलंस, तुझी जुनी चड्डी अंगावर टाकलीस, ती गादीवाली, सायकलची, आणि म्हणालीस, "यल्ला, चल." मी म्हटलं, मला मरायला सवड नाही. तू म्हणालीस, "तेच म्हणतेय, सवड काढू नको."

अल कुद्राच्या वाळूत त्या दिवशी मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. वारा समोरून होता, दातांत रेती येत होती, दोन उंट आपल्याकडे बघत रवंथ करत उभे होते. तू पुढे. "माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहा, वारा मी खाते," म्हणालीस. त्यानंतर मी कायम तुझ्या चाकामागेच राहिले. इतकी वर्षं समोर तुझी पाठ होती, घामाने भिजलेली, मधोमध गडद पट्टा पडलेली. तुझा चेहरा आठवायला मला फोटो लागतो. पाठ मात्र डोळे मिटले की समोर. मला हे तुला सांगायचं होतं की त्या गादीवरून तू उठवलं नसतंस तर मी उठले नसते. सांगितलं कधीच नाही. दमल्यावर बोलायला दम नसायचा, आणि दम असला की भांडायचो.

भांडण एकच, पण पाचवीला पुजलेलं. तळ्याचं.

गेल्या वर्षी तू इराला बघायला गेलीस आणि येताना ते तळं डोक्यात घेऊन आलीस. लॉक डर्ग. पोरीच्या घरी चार दिवस पोळ्या लाटून तुला कंटाळा आला, भाड्याची सायकल घेतलीस आणि किलालू गावातून निघालीस. निघालीस ती थेट उजव्या कडेने. कराडला जन्मभर डावीकडून सायकल हाणलेली बाई तू, दुबईने उजवीकडची सवय लावली, आणि आयर्लंडमध्ये परत डावीकडून जातात हे विमानातल्या फॉर्मसारखं डोक्यातून गेलं. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने गाडी थांबवली, टोपी मागे सारली आणि म्हणाला, बाईसाहेब, आपण दोघांपैकी एक चुकतोय आणि मी इथेच जन्मलोय. तू त्याला म्हणालीस, "सॉरी, दुबई." ही गोष्ट तू प्रत्येक जेवणात सांगायचीस आणि प्रत्येक वेळी ट्रॅक्टर थोडा मोठा व्हायचा.

पुढे स्कॅरिफ, मग माउंटशॅनन. तिथे धक्क्यावर बसून चहा प्यायलीस, बदकांचे फोटो काढलेस, आणि पाऊस आडवा आला म्हणून तिथूनच मागे फिरलीस. तेवढंच. पण परत आल्यावर तुझं चित्त त्या अर्ध्या तळ्यात अडकलेलं.

"प्रदक्षिणा अर्धी राहिली," म्हणायचीस.

"महादेवाला अर्धीच घालतात. झाली समज."

"तळ्यात महादेव नाहीये, बदकं आहेत. पुरी घालावी लागेल."

मग दर शनिवारी जेवण झाल्यावर तुझा टीव्ही, त्यावर नकाशा, आणि आपण दोघी सोफ्यावर. व्हाइटगेट, पोर्टम्ना, तिथला नदीवरचा पूल, पलीकडे टेरिग्लास, ड्रोमिनियरचा धक्का, मग पोर्ट्रोचा चढ आणि चढावरून सगळं तळं एका नजरेत. रस्त्यावरचं एकेक घर आपल्याला पाठ झालं. कुठल्या फाटकाला निळा रंग, कुठे दगडी भिंतीवर वेल. दाजी चहा घेऊन यायचे आणि म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाका तुम्ही." सोफ्यावर बसून तळ्याला वळसा घालणाऱ्या बायका जगात आपणच असू.

आणि किलालूहून निघायचं म्हटलं की पहिल्याच वळणाला ठिणगी. तुझं म्हणणं, घड्याळाच्या दिशेने जायचं. तळं उजव्या हाताला हवं. प्रदक्षिणा अशीच असते, दुसरी नसते. माझं म्हणणं, अगं बाई, तिथे गाड्या डावीकडून. तळं उजवीकडे ठेवलंस तर ते रस्त्याच्या पलीकडे जाणार, मध्ये गाड्या, ट्रॅक्टर, तुझा तो टोपीवाला. उलट गेलं तर पाणी आपल्या कडेला. एरवीही तो रस्ता निम्मा वेळ पाण्यापासून लांबच पळतो. जिथे जवळ येतो तिथे तरी आपल्या हाताशी असू दे. शिवाय पोर्ट्रोचा चढ सुरुवातीलाच संपतो, पाय ताजे असताना. तुझ्या दिशेने गेलं तर तो शेवटी, सगळी हाडं खिळखिळी झाल्यावर.

"चढ शेवटीच असावा," म्हणायचीस. "जेजुरी काय पायथ्याला आहे?"

"मी जेजुरीला निघाले नाहीये. मी सायकल चालवायला निघालेय."

"तोच फरक आहे आपल्यात."

इथे आपलं हे भांडण कधी झालंच नाही, कारण इथे गाड्या उजवीकडून. अल कुद्राच्या तळ्याला घड्याळाच्या दिशेने गेलं की तळंही उजवीकडे आणि आपणही उजव्या कडेला. देवही खूश, पोलीसही. एवढ्या साध्या गोष्टीवरून आपण वर्षभर एकमेकींचं डोकं खाल्लं. शेवटच्या शनिवारीही. तू भांडी उचलत म्हणालीस, "तिथे पोचल्यावर बघू, इन्शाल्ला," आणि मला कळलं की तू माघार घेतलेली नाही, नुसती तारीख घेतलीस. मी लिफ्टमध्येच पुढचा मुद्दा तयार केला. तो अजून माझ्याकडे तसाच आहे, ताई. मी त्याचं काय करू?

आता घाटावरचं. लिहायचं नव्हतं, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

तुला कराडला नेलं. आई घाटावर आली. बायका येत नाहीत म्हणणाऱ्यांकडे तिने नुसतं बघितलं, ते बाजूला झाले. इरा थेट आयर्लंडहून आली होती, सुजलेले डोळे, कोणाचातरी पांढरा ओढणी-ड्रेस. दाजी घाटाच्या पायरीवर बसून राहिले म्हणून ती म्हणाली, "आय विल डू इट." गुरुजींनी तिच्या खांद्यावर पाण्याचं मडकं दिलं आणि फिरायला सांगितलं. ती फिरली. पोरगी दुबईत वाढली, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते, पण देवळात कुठल्या बाजूने फिरायचं हे तिच्या पायांना तू शिकवून ठेवलेलं. ती सरळ निघाली. तुला उजव्या हाताला ठेवून.

गुरुजी म्हणाले, "तसं नाही बाळ. उलट."

ती थांबली. मडक्यातलं पाणी तिच्या खांद्यावरून गळत होतं. एवढ्या माणसांत तिने मला शोधलं आणि विचारलं, "मावशी? अँटीक्लॉकवाइज?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो राणी. अँटीक्लॉकवाइज."

वर्षभर हाच शब्द मी तुझ्या सोफ्यावर आपटत होते. तो त्या दिवशी मान्य झाला. गेलेल्या माणसाभोवती उलटं फिरतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपण आजोबांच्या वेळी बघितलंय. पण ते आणि हे माझ्या डोक्यात कधी शेजारी आलं नव्हतं. इरा उलट्या फेऱ्या घालत होती आणि मला हसू फुटेल की काय अशी भीती वाटत होती, इतकं ते भयंकर होतं. त्या क्षणी तू उठून बसली असतीस आणि म्हणाली असतीस ना, घे, झालं तुझ्या मनासारखं? मला जिंकायचं नव्हतं, ताई. मला नुसतं भांडायचं होतं.

तेरावं झाल्यावर आईला तिकिटाचं कळलं. ती म्हणाली, वर्ष सरेपर्यंत यात्रा नाही, प्रदक्षिणा नाही. मी म्हटलं, ही कसली यात्रा, सायकल आहे. तर म्हणे, "मला नको शिकवू. दर रविवारी मला फोनवर सांगायची ती, आई, तळ्याची प्रदक्षिणा राहिलीय. तिचाच शब्द आहे." बघ काय करून ठेवलंयस. तुझ्याच शब्दाने मला कोंडलं. मी म्हणते तशी ती साधी राईड असती तर मी कधीच मोकळी झाले असते.

तिकडून इराचे मेसेज. "मावशी, आर यू कमिंग ऑर नॉट?" परवा फोन केला तिने. अजून रडलेली नाही ती, घाटावरही नाही. कोरड्या आवाजात बोलते, कस्टमर केअरसारखं. म्हणाली, "मम्माने माझ्यासाठी पण बाइक बुक केली होती. आय डिडन्ट कॅन्सल. त्या रोडवर मी एकटी जाऊ शकत नाही. आणि न जाता पण राहू शकत नाही." मी विचारलं, वर्षाने गेलं तर? ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी इथे नसेन, मावशी. कोर्स संपतो." इराच्या मागे केटल शिट्टी वाजवत होती आणि ती उठून बंद करत नव्हती.

आणि दाजी. काल त्यांच्याकडे डबा घेऊन गेले तर म्हणाले, "तिची सायकल कुणाला देऊन टाकू का?" मी असं काही बोलले की त्यांनी डबा हातातून खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "दारात असते गं. रोज चपला घालताना दिसते." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच बसून तुझ्या चाकांत हवा भरली. पुढचं पार बसलं होतं. ते उभं राहून बघत होते. म्हणाले, "तू जा तिकडे. आईंचं मी बोलत नाही, ते तू बघ. पण पोरगी एकटी आहे." सायकल मी घरी घेऊन आले, ती आता माझ्या हॉलमध्ये आहे. माझ्या मापाला मोठी पडते, नाहीतर तीच नेली असती.

इथवर लिहिलं आणि आईचाच फोन आला. लिहिणं सोडून उठले. आता संध्याकाळ आहे, खाली मॉलच्या बाजूला गाड्यांची रांग लागलीय, आणि मला ते विसरायच्या आत लिहायचंय.

आईने विचारलं, "काय करतेस?" खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "सायकल खोक्यात भरतेय."

मग मी सुरू झाले. लिफ्टमधला मुद्दा, आणि आणखी चार. वकिलीच केली मी. म्हटलं, आई, प्रदक्षिणा केव्हा होते? तळं उजव्या हाताला ठेवलं तर. मी नाही ठेवणार. मी उलट जाते. डावीकडे पाणी, सुरुवातीला चढ. उलट गेलं की ती प्रदक्षिणाच नाही, मग तुझा नियमही मोडत नाही. मी पहिल्यापासून हेच सांगतेय, ताईला विचार हवं तर.

ताईला विचार हवं तर, असं म्हणाले मी. तोंडातून गेलं.

मला वाटलं कॉल तुटला. दोनदा हॅलो म्हटलं. मग आईचा आवाज आला, आणि ती बारके म्हणाली, जे फक्त तू म्हणायचीस.

"उलटं नको जाऊ, बारके."

"का?"

"तिच्याभोवती उलटं फिरून झालंय एकदा. मी बघितलंय. परत नको. सरळ जा तू."

"आणि वर्षाचं?"

"वर्षाचं माझं मी बघते. देवाशी बोलेन. पोरीला सोबत घे, आणि तिला सरळ फिरव."

फोन ठेवला तिने. जन्मात कधी नियम न मोडलेली बाई. आपल्याला साधं गुरुवारी नखं कापू दिली नाहीत तिने.

मी बाल्कनीत गेले. कुंडीतून पाना काढला, पुदिन्याची माती पुसली. पलीकडचं पेडल पायाने दाबून धरलं, तुझ्यासारखं, आणि डावं जोर लावून उलट फिरवलं. एकदा कर्र वाजलं आणि सुटलं. मग मी तिथेच फरशीवर बसून रडले, ग्रीस लागलेल्या हातांनी, पेडल मांडीवर घेऊन. आतापर्यंत लोकांसमोर रडले होते, ते वेगळं.

इराला मेसेज केला: येतेय. किलालूहून डावीकडे वळायचं, स्कॅरिफच्या बाजूला. तिने विचारलं, "बट यू ऑलवेज सेड द अदर वे?" मी लिहिलं, तुझ्या आईची वाट. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला. नुसती रडत होती, आणि मी ऐकत होते. चांगलं झालं.

तर ताई, तू जिंकलीस. आनंद फार होऊ देऊ नको, चढाला मी तुझं नाव घेऊन काय काय म्हणणार आहे ते तुला माहीत आहे. पाणी रस्त्याच्या पलीकडे राहील आणि मी मान वाकडी करकरून बघत राहीन आणि कुठल्यातरी टोपीवाल्याच्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचेन. पण तळं उजव्या हाताला राहील. तू असतीस तर ठेवलं असतंस तसंच.

माउंटशॅननपर्यंत मी नेहमीसारखी तुझ्या मागे असेन. तो रस्ता तू बघितलाय, वारा तू खा. धक्क्यावर आम्ही चहा पिऊ, बदकं असतील तर फोटो काढू. तिथून मात्र इराला माझ्या चाकाला चिकटून राहायला सांगेन. पुढचा रस्ता तू पाहिलेला नाहीस. तिथून पुढे मला जावं लागेल.